ऑपरेशननंतर उपवनला पुन्हा पळायला कधी जाता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका 47 वर्षांच्या ताईंचं जानेवारीच्या मध्यावर डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या लसीकागाठीही काढल्या. आता पाच आठवडे झालेत, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघालाय, जखम भरलीय. मार्चमध्ये केमो सुरू होईल. आधी 21-21 दिवसांनी लाल रंगाच्या केमो औषधाचे चार 'लाल' डोस, मग 12 आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, शेवटी रेडिएशन. आजाराआधी त्या आठवड्यातून चारदा उपवन तलावावरून येऊरच्या फाटकापर्यंत पळायच्या आणि ऑगस्टमधल्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये दोनदा 10 किलोमीटर पळाल्या आहेत. घरच्यांचं म्हणणं, वर्षभर आराम कर, तो हात वर करू नकोस. ताई विचारतात: चालायचं कधी, पळायचं कधी, पळून हात सुजेल का, आणि रक्त जोरात फिरलं की आजार परत पसरतो असं सगळे म्हणतात, ते खरं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं सांगून उपयोग नसतो. गेली 22 वर्षं मी कॅन्सरच्या पेशंटना फिजिओथेरपी देते आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बाईने विचारलाय. बऱ्याच जणींनी सासूबाई किंवा नवरा खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून.

नाही, चालण्या-पळण्याने आजार पसरत नाही. छाती धडधडली, घाम आला म्हणून कर्करोग परत येतो असं कुठेही दिसलेलं नाही. दिसलंय ते उलट. अमेरिकेतल्या 2,987 परिचारिका, सगळ्यांना स्तनाचा कर्करोग झालेला, यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला साधारण तीन ते पाच तास मध्यम वेगाने चालण्याइतकी हालचाल ज्या करत होत्या, त्यांच्यात या आजाराने दगावण्याचं प्रमाण बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे 'चालल्यामुळेच वाचल्या' असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि केमोच्या जागी चालणं असं तर मी कधीच म्हणणार नाही. पण चालल्याने नुकसान होईल, ही भीती पार काढून टाका. थकवा आणि मन यांसाठी हालचाल औषधासारखी लागू पडते, याबद्दल आता जगभरच्या तज्ज्ञांत एकमत आहे, आणि झोप, हाडं यांनाही तिचा उपयोग होताना दिसतो.

आता तुमच्या शरीराबद्दल. ऑपरेशन पायांचं झालेलं नाही. तुमच्यासारख्या पळणाऱ्या बाईचे पाय पाच आठवड्यांत फारसे विसरत नाहीत. मागे राहतो तो खांदा. म्हणून मी आधी हात बघते, मग पाय.

आरशासमोर उभ्या राहा आणि दोन्ही हात समोरून वर न्या. डावा हात कानापर्यंत जातो का? कुठे अडतो, आणि अडताना काय जाणवतं? हात वर करताना काखेतून कोपराकडे कातडीखाली एखादी ताणलेली दोरी दिसते का, तंबोऱ्याच्या तारेसारखी? बायका म्हणतात 'शीर ओढते'. ती शीर नसते. काखेतल्या गाठी काढल्यानंतर तिथल्या लसीकावाहिन्या, म्हणजे हातातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, आखडून कडक होतात, त्याचा हा दोर. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत तो अनेकींना दिसतो, आणि दिसला की बाई घाबरून हात पोटाशी धरून बसते. पण तो हलक्या ताणाने, रोज थोडं थोडं करून सुटतो. बहुतेकींचा काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत. स्वतः दाबून तोडायला जाऊ नका, मालीशवालीकडूनही नको.

रोजचे व्यायाम साधेच आहेत. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची. जिथे ताण येतो, दुखत नाही, तिथे पाच श्वास थांबायचं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. मग उताणं झोपून दोन्ही हातांत लाटणं धरून ते डोक्यामागे न्यायचं, चांगल्या हाताने दुसऱ्याला ओढत. मग खांदे मागे फिरवणं. दिवसातून तीनदा, दर वेळी दहा मिनिटं. ड्रेन असताना आम्ही हात खांद्याच्या उंचीपर्यंतच नेऊ देतो, पण तुमचा ड्रेन निघालाय, तुम्ही वर जाऊ शकता. इंग्लंडमध्ये 392 स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांतच पद्धतशीर व्यायाम सुरू केले होते. वर्षभरानंतर त्यांचे हात नुसता माहितीचा कागद मिळालेल्यांपेक्षा चांगले चालत होते. 'हात वर करू नकोस' हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, हे मला माहीत आहे. पण आखडलेला खांदा रेडिएशनच्या वेळी नडतो. मशीनखाली हात डोक्यावर ठेवून स्थिर पडून राहावं लागतं. तुम्हाला सप्टेंबरच्या आसपास ते लागणार आहे, आणि तोपर्यंत खांदा मोकळा झाला नसेल तर ती वेळ फार कष्टाची जाते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत मीही पेशंटना कागदावर लिहून द्यायचे: भरलेली कळशी उचलू नका, पिशवी धरू नका, त्या हाताने कणीक मळू नका. आम्हाला तसंच शिकवलं होतं. एक बाई वर्षभराने परत आली. तिने माझा कागद देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला होता आणि शब्दन् शब्द पाळला होता. तिचा दंड हाडाला लागला होता, चहाचं आधण उतरवताना हात थरथरत होता, आणि तरीही तो सुजलेला होताच. मी तिला त्या हातापासून तोडलं होतं. ते मी अजून विसरलेली नाही.

त्यानंतर जे वाचलं, पाहिलं, त्याने माझं मत पार बदललं. 1996 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या 24 स्त्रियांना चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं. तेव्हा सगळे सांगत होते की हात सुजतील. कुणाचाही हात सुजला नाही. पुढे अमेरिकेतल्या संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी वजनं उचलण्यावर नीट अभ्यास केले. 2009 च्या अभ्यासात आधीच सूज असलेल्या 141 स्त्रिया होत्या. त्यांतल्या साधारण निम्म्या जणींनी हळूहळू वाढवत वजनं उचलली, तरी बाकीच्यांपेक्षा त्यांची सूज वाढली नाही, उलट तिचं अचानक उफाळून येणं कमी झालं. हळूहळू, हाच त्यातला महत्त्वाचा शब्द. अर्धा किलोपासून सुरू करून, कुणाच्या तरी देखरेखीखाली. एका दिवसात गव्हाचं पोतं ओढणं म्हणजे व्यायाम नव्हे.

म्हणजे सूज येतच नाही असं नाही. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या पाच जणींपैकी साधारण एकीला कधी ना कधी सूज येते. फक्त पहिली गाठ तपासण्यापुरती काढली असेल तर वीस जणींपैकी एकीला. तुम्ही पहिल्या गटात आहात, म्हणून लक्ष ठेवायचं. ते कसं, हे मला माझ्या पेशंटनीच शिकवलं. टेपच्या आधी बांगडी सांगते. नेहमीची बांगडी मनगटावर रुतायला लागली, डाव्या ब्लाउजची बाही दंडात काचायला लागली, अंगठी संध्याकाळी निघेनाशी झाली, की समजा. त्याआधीही हात जड वाटतो, भरल्यासारखा. तरी टेपही ठेवा. महिन्यातून एकदा, सकाळी, दोन्ही हात: मनगट, कोपराखाली दहा सेंटिमीटर, कोपरावर दहा सेंटिमीटर. कॅलेंडरवरच लिहा. केमोच्या आधी एकदा मोजून ठेवा, कारण दोन्ही हात जन्मतःच अगदी सारखे नसतात. आधीच्या फरकापेक्षा दोन सेंटिमीटरने वाढ झाली तर वाट बघू नका. सुरुवातीला पकडलेली सूज दाब देणाऱ्या पट्टीने, घट्ट बाहीने, व्यायामाने आवरते. वर्षभर अंगावर काढलेली आवरणं कठीण जातं.

आता चालणं. ते आजपासून. खरं तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच चालायचं असतं. तुम्ही घरात चालत असालच. आता बाहेर पडा, पण येऊरचा चढ नको. पाचपाखाडीतल्या कचराळी तलावाभोवती किंवा तलावपाळीला जा. रस्ता सपाट आहे, बसायला जागा आहे, आणि दमलात तर रिक्षा समोर उभी असते. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. वेग असा की बरोबरच्या माणसाशी गप्पा मारता येतील, पण गाणं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

चालताना बहुतेक जणी एक गोष्ट करतात, आणि ती त्यांना स्वतःला दिसत नाही. मागच्याच महिन्यात एका पेशंटबरोबर मी कचराळीला फेरी मारली. साठीच्या बाई, छान भरभर चालत होत्या, पण डावा हात कोपरात दुमडून फासळ्यांना चिकटलेला, मुठीत ओढणीचं टोक घट्ट. जणू काखेत पर्स आहे आणि कुणी ओढून नेईल. उजवा हात झुलतोय, डावा नाही. त्यामुळे छाती वळत नाही, मान आखडते, आणि महिनाभराने उजवा खुबा दुखायला लागतो. त्यांना वाटत होतं गुडघ्यांत काहीतरी आहे. मी फक्त ओढणी सोडायला सांगितली, कंबरेला गाठ मारून दिली. अर्ध्या फेरीत हात आपोआप सुटला आणि त्या थांबून रडल्या. पाच महिने तो हात त्यांनी असाच धरून ठेवला होता. तुम्ही मोबाइल उभा ठेवून समोरून दहा पावलं चालतानाचा व्हिडिओ काढा आणि बघा. हात झुलत नसेल तर पळण्याचा विचारही नको. पळताना तीच वाकडी चाल कितीतरी जास्त जोराने पायांवर पडते.

दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या असतील. काखेतून जाणारी एक चेताशिरा ऑपरेशनमध्ये दुखावते, त्याचा तो परिणाम. पळणारीसाठी यात एक खरा धोका आहे: कपड्याची शिवण घासली तरी कळत नाही. घामात अर्धा तास घासून कातडी सोलवटते आणि तिथून जंतू शिरतात. म्हणून घरी आल्यावर काख आणि दंड डोळ्यांनी बघायचा, हाताने चाचपून नाही. त्या हाताचा डासांपासूनही बचाव करा. संध्याकाळी तलावाकाठी जाणार असाल तर पूर्ण बाही. हात अचानक लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. घड्याळ उजव्या मनगटावर, पाण्याची बाटली उजव्या हातात किंवा कंबरेला, रक्तदाब आणि सुईही शक्यतो उजवीकडेच.

छातीचा एक भाग सपाट झाल्यावर कपड्यांचा प्रश्न येतो आणि तो विचारायला बायका लाजतात. लाजू नका. जखम भरेपर्यंत सुती, हलका, आतून मऊ असा कृत्रिम स्तन वापरा. सिलिकॉनचा साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, आणि तोही खिसा शिवलेल्या ब्रेसिअरमध्ये. सेफ्टी पिना लावू नका, कारण बधिर कातडीला टोचलेलं कळत नाही. माझ्या एका पेशंटने घरीच सुती कापडात मोहरी भरून वजनाचा स्तन शिवला होता. चालण्यासाठी तो उत्तम चालला, खांदे सरळ राहिले. पळताना मात्र वजन उसळतं, तिथे हलकाच बरा. काही जणी काहीही न घालता पळतात आणि मजेत पळतात. तो तुमचा निर्णय, त्यात कुणाचं मत विचारायची गरज नाही. रेडिएशनच्या काळात, म्हणजे आपल्याकडे बायका ज्याला 'शेक' म्हणतात त्या दिवसांत, घट्ट स्पोर्ट्स ब्रा बंद. ढगळ सुती बनियन घाला.

आता पळणं. सर्वसाधारण हिशोब असा की सहा आठवड्यांच्या आत नाही, आणि त्यानंतरही चार गोष्टी जमल्या तरच: जखम पूर्ण भरलेली आणि पाणी परत साचत नाही, हात कानापर्यंत जातो, सलग 30 मिनिटं भरभर चालणं आठवड्यातून पाच दिवस दोन आठवडे जमलंय, आणि सर्जनने हो म्हटलंय. पोटाचा भाग घेऊन स्तनाची पुनर्रचना केलेल्यांनी बरंच जास्त थांबायचं, तो हिशोब वेगळा. तुमच्या बाबतीत मात्र हे सगळं जमेपर्यंत केमो सुरू झालेली असेल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

लाल औषध हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं, म्हणून केमोआधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो. तो रिपोर्ट जपून ठेवा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, 'मी पळणारी आहे, माझ्या हृदयाला चालेल का?' बहुतेक पेशंट हे सांगतच नाहीत. सांगितलं नाही तर डॉक्टर तुम्हाला जिना चढणारी बाई समजून उत्तर देतील. केमोनंतरचे पहिले एक-दोन दिवस अंगात बळ असल्यासारखं वाटतं. ते उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉईडचं बळ असतं, त्यावर विसंबून पळायला जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. तेव्हा घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, पण चालायचंच. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तलावपाळीची गर्दी टाळा, सोसायटीच्या गच्चीवर किंवा पोडियमवर चाला. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. तिसरा आठवडा तुमचा. त्यात हिमोग्लोबिन ठीक असेल, प्लेटलेट्स ठीक असतील, तर हळू पळून बघा: एक मिनिट पळणं, तीन मिनिटं चालणं, असं पाच वेळा, दिवसाआड. तेवढंच. एक मिनिट पळणं तुम्हाला अपमानासारखं वाटेल. माझ्याकडे एक जण 21 किलोमीटर पळणारी होती, तिने तसंच म्हटलं होतं. मग तिने त्या पाच मिनिटांवर पाच महिने काढले, आणि केमो संपल्यावर तिला शून्यातून सुरू करावं लागलं नाही.

किती वाढवायचं हे घड्याळाला विचारू नका, दुसऱ्या दिवशीच्या सकाळला विचारा. उठल्यावर हात जड आहे का, काख ताठलीय का, झोप होऊनही अंग शिणलंय का? यातलं एकही हो असेल तर त्या दिवशी फक्त चालणं, आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली. सगळं ठीक असेल तर दोन आठवड्यांनी पुढची पायरी: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. हे नुसतं केमोपुरतं नाही, पुढेही असंच.

जूनमध्ये पॅक्लिटॅक्सेल सुरू होईल आणि पाऊसही. हे दोन्ही एकत्र येणं मला तुमच्या वेळापत्रकात सगळ्यात जास्त खटकतं. या औषधाने तळपाय बधिर होतात, चालताना गादीवर पाऊल पडल्यासारखं वाटतं. त्यात उपवनचा रस्ता ओला, फरशांवर शेवाळ. पाय घसरला की माणूस हात टेकतो, आणि तो हात डावा निघाला तर? पाय बधिर असतील त्या आठवड्यांत बाहेर पळणं बंद. पोडियमवर, पार्किंगमध्ये, कोरड्या जागी बूट घालून चाला. रोज घरी ओट्याला धरून एका पायावर अर्धा मिनिट उभं राहायचा सराव ठेवा. आणि डॉक्टरांना बधिरपणा सांगा. बायका सांगत नाहीत, डोस कमी करतील म्हणून. पण कधी कमी करायचा हे ठरवायलाच त्यांना ते कळायला हवं.

त्याआधी एप्रिल-मे आहे. आपल्याकडचा दमट उकाडा हाताला सुजवतो, म्हणून सकाळी साडेसहाच्या आत परत घरी. पिंढरी एकाच पायाची दुखली, सुजली, किंवा बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, तर ते थकव्यावर ढकलू नका. लगेच दाखवा. नंतर टॅमॉक्सिफेन (केमोनंतर देतात ती हार्मोनवरची गोळी) सुरू झालं तरी पिंढरीचं हे लक्षात ठेवा, त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. त्याऐवजी लेट्रोझोल ही दुसरी गोळी दिली तर सकाळी सांधे धरतील. तेव्हा पळणं सोडावंसं वाटेल, पण हालचालीनेच ते सुटतात. हाडांची घनता मात्र एकदा तपासून घ्या.

सासूबाईंना हे सगळं समजावत बसू नका. पहिल्या आठवड्यात त्यांनाच कचराळीला बरोबर न्या. दोन फेऱ्या त्यांच्या वेगाने, त्याच तुमच्याही वेगाच्या असतील. सून चालते, दमते, परत येऊन जेवते, झोपते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की विरोध बराचसा मावळतो. मी अनेक घरांत पाहिलंय.

वर्षा मॅरेथॉनबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण दोनदा उल्लेख केलात, म्हणून सांगते. या ऑगस्टची नाही. तेव्हा तुमचं पॅक्लिटॅक्सेल चालू किंवा नुकतंच संपलेलं असेल आणि पुढे रेडिएशन असेल. रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभ्या राहा आणि मैत्रिणींना पाणी द्या. दिवाळीच्या सुमारास, शेक संपून महिना झाला आणि इको ठीक आला, की सलग दहा मिनिटं पळायला सुरुवात करू. जानेवारीपर्यंत सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर मला शक्य वाटतं, थोडं चालत, थोडं पळत. येऊरचा चढ त्यानंतर. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधले 10 किलोमीटर मात्र आत्ताच मनात धरायला हरकत नाही. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे दोन्ही हातांची मापं घ्या आणि भिंतीवर पहिली रेघ मारा.